तुमचा प्रश्न, ताईंचं उत्तर : ‘ओन्ली’ कुठं बसवायचा?

गेल्या अंकात ‘हार्ड’ आणि ‘हार्डली’ यांच्यातला फरक सांगितला, तर या महिन्याच्या टपालात निम्म्याहून जास्त पत्रं ‘ओन्ली’बद्दलची निघाली. कोणी चेकवरचा विचारतो, कोणी करारातला, कोणी परीक्षेतला. तेव्हा हा अंक ‘ओन्ली’चा. ‘यट’ आणि ‘स्टिल’वाल्यांनी रागावू नये, त्यांचा नंबर पुढे लागेल.

प्रश्न : ताई, पोरगी तालुक्याला आठवीत शिकते. तिनं निबंधात लिहिलं, ‘माय फादर ओन्ली पेड टेन थाउजंड रुपीज’. मॅडमनं लाल रेघ मारली. म्हणे ‘ओन्ली’ हा ‘टेन थाउजंड’च्या आधी पाहिजे. पोट्टी म्हणते, बाबा, मॅडमच चुकून राहिल्या, टीव्हीवर गोरे लोक असंच बोलतात. आता घरात दोन दिवसांपासून हाच वाद आहे. बरोबर कोण? (एक कापूस उत्पादक, पुसद तालुका)

उत्तर : भाऊ, दोघीही बरोबर आहेत. मुलगी बोलण्यातलं सांगते, मॅडम लिहिण्यातलं.

हा वाद तुमच्या घरातला नाही, इंग्रजांच्याच घरातला आहे आणि चांगला जुना आहे. रॉबर्ट लोथ नावाचे एक धर्मगुरू होते, पुढे ते लंडनचे बिशप झाले. त्यांनी 1762 साली इंग्रजीचं एक छोटं व्याकरण छापलं. त्यात त्यांनी नेमकी हीच तक्रार केली आहे. लोक ‘आय ओन्ली स्पेक थ्री वर्ड्स’ (‘स्पेक’ म्हणजे त्या काळचं ‘स्पोक’) म्हणतात, पण त्यांना म्हणायचं असतं ‘आय स्पेक ओन्ली थ्री वर्ड्स’, म्हणजे मी तीनच शब्द बोललो. तेव्हापासून शाळाशाळांतून लाल रेघा सुरू झाल्या. मग 1926 साली फाउलर नावाच्या कोशकारानं उलट बाजू घेतली. त्याचं उदाहरण होतं ‘ही ओन्ली डाइड अ वीक अगो’, म्हणजे त्याला वारून आठवडाच झालाय. आता नियमावर बोट ठेवणारा म्हणेल, ‘ओन्ली डाइड’ म्हणजे नुसता मेला, दुसरं काही केलं नाही? फाउलरचं म्हणणं असं की असा अर्थ कोणताही शहाणा माणूस काढत नाही, मग उगाच कशाला अडवायचं? मला फाउलर पटतो. पण मी लाल रेघही पुसणार नाही, आणि त्याचं कारण तुमच्याच व्यवहारातून सांगते.

समजा हंगामाच्या शेवटी तुम्ही कृषी केंद्रवाल्याला उधारीपोटी दहा हजार दिले. इंग्रजीत ‘आय पेड द शॉपकीपर टेन थाउजंड’. यात ‘ओन्ली’ सगळ्यात आधी घातला, ‘ओन्ली आय पेड’, तर मीच दिले, गावातल्या बाकीच्यांनी हात वर केले. ‘पेड ओन्ली द शॉपकीपर’ म्हटलं तर दुकानदारालाच दिले, सोसायटीवाला अजून वाट पाहून राहिला. ‘ओन्ली टेन थाउजंड’ म्हटलं तर दहाच हजार दिले, बाकी राहिलेच. आणि ‘आय ओन्ली पेड’ म्हटलं की या शेवटच्या दोन्हींपैकी काहीही असू शकतं. बोलताना अडत नाही, कारण आपण ‘टेन’वर जोर देतो आणि ऐकणाऱ्याला कळतं. कागदाला आवाज नसतो. मॅडमचा मुद्दा तो आहे.

आता मराठीत पाहा. आपल्याकडे दोन हत्यारं आहेत, ‘फक्त’ आणि ‘च’. ‘च’ ज्या शब्दाला चिकटला त्याचाच झाला : मीच, त्यालाच, दहाच. ‘फक्त’ मात्र सुटलेल्या वासरासारखा वाक्यात कुठंही हिंडतो. ‘मी फक्त त्याला दहा हजार दिले’ म्हटलं की फक्त त्याला का फक्त दहा हजार, हे मराठीतही कळत नाही. इंग्रजीचा ‘ओन्ली’ या ‘फक्त’च्या जातीचा आहे. ‘च’ची सोय इंग्रजीत नाहीच. म्हणून मुलीला एवढं सांगा : लिहायच्या आधी वाक्य मनात ‘च’ लावून म्हणायचं, ‘च’ कुठं चिकटला ते पाहायचं, आणि त्या शब्दाच्या लगेच आधी ‘ओन्ली’ ठेवायचा. ‘बाबांनी दहाच हजार दिले’, म्हणजे ‘माय फादर पेड ओन्ली टेन थाउजंड’. मार्क मिळतील. टीव्हीवरच्यांसारखं बोलायला तिला कोणी अडवलेलं नाही.

प्रश्न : पुण्यात एका कंपनीत मुलाखत होती. ‘व्हेअर आर यू फ्रॉम’ विचारलं. मी म्हणालो, ‘आय अ‍ॅम फ्रॉम बुलढाणा ओन्ली’. पुढं ‘आय कॅन जॉइन फ्रॉम मंडे ओन्ली’ म्हणालो. समोरचे एक साहेब हसले आणि बाकीचे एकमेकांकडे पाहू लागले. नोकरी मिळाली नाही. यात एवढं काय चुकलं? (एक आयटीआय पास तरुण, चिखली)

उत्तर : नोकरी ‘ओन्ली’मुळे गेली असं मला वाटत नाही. पण दुसऱ्या वाक्यानं घोटाळा झाला असणार. तुम्हाला म्हणायचं होतं, ‘सोमवारपासूनच येतो’, म्हणजे लगेच, वेळ न घालवता. त्यांना ऐकू आलं, ‘सोमवारच्या आधी जमणार नाही’. उत्साह दाखवायला गेलात आणि अट घातल्यासारखं झालं.

वरच्या उत्तरात मी ‘च’ची युक्ती सांगितली, तिची दुसरी बाजू ही आहे. आपला ‘च’ एकटाच चार घरची कामं करतो. ‘दहाच’ मध्ये तो बाकीच्यांना वगळतो. ‘तोच माणूस’ मध्ये ओळख पटवतो. ‘तिथंच थांब’ मध्ये नेमकी जागा दाखवतो. ‘ती येणारच’ मध्ये खात्री देतो. इंग्रजी ‘ओन्ली’ला यातलं पहिलं काम येतं. बाकीच्यांना इंग्रजीत वेगवेगळी माणसं लावावी लागतात. तोच माणूस म्हणजे ‘द सेम मॅन’. तिथंच थांब म्हणजे ‘वेट राइट देअर’. ती येणारच म्हणजे ‘शी इज शुअर टू कम’. दिलेच म्हणजे ‘आय डिड गिव्ह’. असंच म्हणजे ‘जस्ट लाइक दिस’. बुलढाण्याचाच असाल तर इंग्रजीत नुसतं ‘आय अ‍ॅम फ्रॉम बुलढाणा’ पुरतं, कारण आणखी कुठला असण्याचा प्रश्न कोणी काढलेलाच नाही.

‘ओन्ली’ काळाबरोबर आला की कधीकधी ‘च’शी बरोबर जुळतो आणि तिथंच माणूस फसतो. ‘शी केम ओन्ली यस्टर्डे’ म्हणजे ‘ती कालच आली’, हे शंभर टक्के बरोबर. मग वाटतं, ‘आजच करतो’ म्हणजे ‘आय विल डू इट ओन्ली टुडे’. नाही. त्याचा अर्थ होतो, आज करतो, उद्या सांगाल तर करणार नाही. कालच्यामध्ये ‘इतक्यात, फार दिवस झाले नाहीत’ असा भाव आहे, आजच्यामध्ये ‘उशीर न लावता’ असा. इंग्रजीनं पहिलाच भाव ‘ओन्ली’कडे दिलाय. ‘टुडे इटसेल्फ’ म्हणाल तर तेही आपलंच देशी. ‘टुडे’वर जोर द्या, नाहीतर ‘धिस व्हेरी डे’ म्हणा.

आणि त्या हसणाऱ्या साहेबांबद्दल. वाक्याच्या शेवटी ‘ओन्ली’ लावण्याची सवय चिखलीची नाही, सबंध हिंदुस्थानची आहे. हिंदीत ‘ही’ आहे, तमिळमध्ये ‘तान’ आहे, सगळ्यांना तो जोर इंग्रजीत न्यायचा असतो आणि हाताशी ‘ओन्ली’च सापडतो. भारतीय इंग्रजीतल्या या ‘ओन्ली’वर भाषाशास्त्रज्ञांनी लेख लिहिलेत, चूक म्हणून नाही, एक नियमबद्ध प्रयोग म्हणून. साहेब घरी स्वतः तसंच बोलत असतील. तुम्ही मित्रांत खुशाल बोला. मुलाखतीत, अर्जात आणि परदेशी माणसासमोर तेवढा गाळा.

प्रश्न : आम्ही शेडनेटमध्ये मिरचीचं बीजोत्पादन करतो. बियाणं देऊन खूप महिने झाले, पैसे नाहीत. फोन केला की उत्तर येतं, रिपोर्ट आला नाही. करार इंग्रजीत आहे, त्यात लिहिलंय, ‘पेमेंट विल बी मेड ओन्ली आफ्टर द टेस्ट रिपोर्ट इज रिसीव्ड’. सही करताना आम्हाला सांगितलं होतं की रिपोर्ट आला की लगेच पैसे. तसं लिहिलंय का? (एक बीजोत्पादक, देऊळगाव राजा तालुका)

उत्तर : नाही, तसं लिहिलेलं नाही. हक्काचं काय ते वकिलाला दाखवा, मी वाक्याचा अर्थ सांगते.

‘ओन्ली आफ्टर’ म्हणजे ‘नंतरच’. रिपोर्टच्या आधी पैसे मिळणार नाहीत, एवढंच ते वाक्य सांगतं. नंतर किती दिवसांनी, यावर ते गप्प आहे. दार कधीच्या आधी उघडणार नाही ते लिहिलंय, कधीपर्यंत उघडलंच पाहिजे ते लिहिलेलं नाही. ‘लगेच’ हवं असेल तर वाक्यात ‘विदिन’ पाहिजे : ‘पेमेंट विल बी मेड विदिन थर्टी डेज ऑफ द टेस्ट रिपोर्ट’. दुसरं असं की कोणता रिपोर्ट, हेही त्यात नाही. जर्मिनेशनचा रिपोर्ट काही दिवसांत होतो. जीओटी असेल तर ते बियाणं शेतात लावून, झाडं वाढवून शुद्धता पाहतात, त्याला महिने लागतात. दोन्हीला ‘टेस्ट रिपोर्ट’च म्हणतात. पुढच्या हंगामात करार करताना रिपोर्टचं नाव आणि दिवस, दोन्ही लिहून घ्या.

तुम्ही पाठवलेल्या झेरॉक्समध्ये आणखी एक ओळ आहे, तिच्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण मी विचारलं असतं : ‘द कंपनी विल ओन्ली बाय सीड दॅट पासेस द टेस्ट’. हा तोच क्रियापदाआधी बसलेला, बोलण्यातला ‘ओन्ली’. सरळ अर्थ ‘पास झालेलंच बियाणं घेऊ’ असा आहे. मग फेल झालेला लॉट कोणाचा, तो परत मिळतो का, बाजारात विकता येतो का, तिथंच नष्ट करतात? वाक्यात त्याचा पत्ता नाही. करारात जिथंजिथं ‘ओन्ली’ दिसेल तिथं पेन्सिलनं गोल करा आणि स्वतःला विचारा, यानं कोणाला बाहेर ठेवलं? बाहेर ठेवलेल्याचं काय होणार हे पुढच्या ओळीत नसेल तर सही करायच्या आधी विचारायचं.

प्रश्न : आमच्या बचत गटाच्या चेकवर शेवटी ‘ओन्ली’ लिहायचं राहिलं. काउंटरवरून चेक परत दिला, म्हणाले ओन्लीशिवाय चालत नाही, नवीन लिहून आणा. गावाहून बँक लांब आहे, एक दिवसाची मजुरी बुडाली. हा सरकारी नियम आहे का? (बचत गटाच्या सचिव, पांढरकवडा तालुका)

उत्तर : बाई, हा माझ्या घरचा प्रश्न. मी ग्रामीण शाखेत काउंटरवरच नोकरी काढली.

कायद्यात ‘ओन्ली’ कुठंही नाही. चेकचा कायदा 1881 चा आहे, परक्राम्य संलेख अधिनियम म्हणतात त्याला. त्याचं कलम 18 सांगतं की आकड्यातली आणि अक्षरी रक्कम वेगळी निघाली तर अक्षरी रक्कम खरी धरायची. म्हणून अक्षरी ओळीला एवढं महत्त्व. त्या ओळीला शेवटी कुंपण म्हणून ‘ओन्ली’ लिहायचा रिवाज पडला, आणि रिवाज चांगला आहे, पण तो नसला म्हणून चेक खोटा ठरत नाही. तुमचा चेक त्या कारणानं परत द्यायला नको होता. पुढच्या वेळी कोणी दिला तर कारण लेखी मागा, सहसा चेक तिथल्या तिथं पास होतो.

पण कुंपण कुठं लागतं आणि कुठं नाही ते समजून घ्या. ‘फाइव्ह थाउजंड’ लिहून पुढं जागा सोडली तर कोणी ‘नाइन हंड्रेड’ जोडू शकतो, आकड्यातल्या 5,000 मधल्या पहिल्या शून्याचा 9 करायला वेळ लागत नाही. तिथं ‘ओन्ली’ वाचवतो. ओळीच्या सुरुवातीला मात्र तो काही कामाचा नाही. एकदा एका गटाच्या अध्यक्षबाईंनी माझ्यासमोर चेक ठेवला. छापील ‘रुपीज’ आणि त्यांनी लिहिलेला ‘सिक्स थाउजंड ओन्ली’ यांच्या मधे माझं बोट मावेल एवढी जागा. आकड्याच्या चौकोनातही 6 च्या डावीकडे तेवढीच पांढरी जागा. मी त्यांच्याच पेननं मागच्या रद्दी कागदावर लिहून दाखवलं : त्या जागेत ‘ट्वेंटी’ आणि 6 च्या आधी 2. झाले सव्वीस हजार, आणि शेवटचा ‘ओन्ली’ जागच्या जागी. बाईंनी तो चेक माझ्या हातातून काढून घेतला, चार तुकडे केले आणि म्हणाल्या, ‘बाप्पा, मंग त्या ओन्लीचा काय उपेग?’ उपयोग अर्धा. उरलेला अर्धा म्हणजे ‘रुपीज’ला खेटून लिहिणं आणि राहिलेल्या जागेत आडवी रेघ ओढणं. खाडाखोड झाली तर मात्र नवीन चेकच लिहा. आता चेकचा फोटो पुढं जातो, त्यावर तारखेच्या दुरुस्तीखेरीज दुसरी दुरुस्ती चालत नाही.

चेकवरचा दुसरा ‘ओन्ली’ कोपऱ्यातला, दोन तिरप्या रेघांमधला : ‘अकाउंट पेयी ओन्ली’. शेवटचा ‘ओन्ली’ नसला तरी हरकत नाही, पण ‘अकाउंट पेयी’ महत्त्वाचं. त्यानं पैसे ज्याचं नाव त्याच्याच खात्यात पडतात, रोख मिळत नाहीत, आणि दुसऱ्याच्या खात्यात जमा करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. गटाच्या चेकवर हे नेहमी लिहा.

आणि एक गोष्ट, जी काउंटरवर कोणी आपणहून सांगत नाही. चेक मराठीत लिहिता येतो. रिझर्व्ह बँकेनं ग्राहकाला इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागातल्या भाषेत चेक लिहायची मुभा दिलेली आहे. ‘अक्षरी रुपये पाच हजार फक्त’ लिहा आणि निर्धास्त राहा. हा ‘फक्त’ही मूळचा अरबी, फारसीच्या वाटेनं आपल्याकडे आला. उर्दूत पत्र संपलं की शेवटी ‘फ़क़त’ लिहितात, म्हणजे एवढंच, पुढं काही नाही. काही जण ‘फक्त’ऐवजी ‘मात्र’ लिहितात, तेही चालतं. ‘फक्त पाच हजार मात्र ओन्ली’ असाही चेक मी पाहिलाय. त्या माणसाचा जगावर अजिबात विश्वास नसावा.

प्रश्न : स्पर्धा परीक्षेची तयारी करते. ‘नॉट ओन्ली... बट ऑल्सो’, ‘ओन्ली’नं सुरू होणारी वाक्यं, आणि ‘ओन्ली इफ’ व ‘इफ ओन्ली’ यांत नेहमी मार्क जातात. (एक विद्यार्थिनी, वाशीम)

उत्तर : पहिलं सोपं आहे. ‘नॉट ओन्ली’च्या नंतर ज्या जातीचा शब्द, ‘बट ऑल्सो’च्या नंतर त्याच जातीचा. ‘ही नॉट ओन्ली ग्रोज कॉटन बट ऑल्सो तूर’ हे लंगडं, कारण एकीकडे क्रियापद आणि दुसरीकडे नाम. ‘ही ग्रोज नॉट ओन्ली कॉटन बट ऑल्सो तूर’ हे बरोबर. बारावीच्या ‘डू अ‍ॅज डायरेक्टेड’ मध्ये हेच विचारून विचारून झिजवलंय.

दुसरं नीट वाच. कृषी विभाग दरवर्षी सांगतो की 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्यावरच पेरा. हे ‘ओन्ली’नं सुरू केलं तर पुढचा कर्ता आणि साहाय्यक क्रियापद जागा बदलतात : ‘ओन्ली आफ्टर गुड रेन शुड यू सो’. ‘यू शुड’ नाही, ‘शुड यू’. साहाय्यक क्रियापद नसेल तर ‘डू, डज, डिड’ आणायचं : ‘ओन्ली देन डिड ही सो’. ‘नॉट ओन्ली’ वाक्याच्या सुरुवातीला आणला तरी तेच : ‘नॉट ओन्ली डिड द हेल स्पॉइल द ऑरेंजेस, बट इट ऑल्सो ब्रोक द ब्रांचेस’. गंमत अशी की ‘ओन्ली’ कर्त्यालाच लागला असेल तर काही उलटत नाही. ‘ओन्ली माय अंकल सोड इन टाइम’, माझ्या काकानंच वेळेवर पेरलं. पेपर काढणारे हा सापळा हमखास लावतात.

तिसऱ्यात फक्त मार्क जात नाहीत, माणसं फसतात. भरतीच्या जाहिरातीत असतं, ‘अ‍ॅप्लिकेशन्स विल बी कन्सिडर्ड ओन्ली इफ द कास्ट व्हॅलिडिटी सर्टिफिकेट इज अटॅच्ड’. वैधता प्रमाणपत्र जोडलं म्हणजे अर्ज मंजूर, असा याचा अर्थ नाही. जोडलं नाही तर विचारच होणार नाही, एवढाच आहे. ‘इफ’ वचन देतो, ‘ओन्ली इफ’ अट घालतो. घरचं सोयाबीन पेरायच्या आधी आपण गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून ठेवतो, सत्तर उगवले तरच बियाणं वापरायचं. ‘यूज इट ओन्ली इफ सेव्हन्टी स्प्राउट’. सत्तर उगवले म्हणून पीक येईलच, असं कोणी कबूल केलेलं नाही, पुढं पाऊस आहे, खोडमाशी आहे. दोन्ही बाजूंनी बांधायचं असेल तर इंग्रजी कायद्यात आणि गणितात ‘इफ अँड ओन्ली इफ’ लिहितात.

‘इफ ओन्ली’ हा वेगळाच प्राणी. त्यात अट नाही, हळहळ आहे. ‘इफ ओन्ली द शकुंतला वेअर रनिंग’, म्हणजे शकुंतला चालू असती तर! मूर्तिजापूरची ती छोट्या रुळांची गाडी बंद पडल्यापासून आमच्या दारव्ह्यात हे वाक्य मराठीत रोज कोणी ना कोणी म्हणतं. मराठीत ‘तर’वर वाक्य अर्धवट सोडतात, तिथं इंग्रजीत ‘इफ ओन्ली’ येतो, आणि क्रियापद एक पाऊल भूतकाळात जातं. आजची हळहळ असेल तर ‘वेअर’, गेल्या गोष्टीची असेल तर ‘हॅड’ : ‘इफ ओन्ली इट हॅड रेन्ड इन जून’.

प्रश्न : ‘वन’चं स्पेलिंग ‘ओ’नं सुरू होतं आणि उच्चार ‘व’. मग ‘ओन्ली’ला ‘वन्ली’ का म्हणत नाहीत? (एक निवृत्त मुख्याध्यापक, अचलपूर)

उत्तर : सर, कारण ‘ओन्ली’नं जुना उच्चार सोडला नाही. जुन्या इंग्रजीत एकाला ‘आन’ म्हणत, त्यापासून ‘आनलिक’, एकासारखा, एकटाच असलेला. त्याचा झाला ‘ओन्ली’. पुढं सुट्या ‘वन’च्या तोंडी ‘व’ आला, पण जोडशब्दांत जुनंच राहिलं. ‘अलोन’ हा मूळचा ‘ऑल वन’, ‘अटोन’ हा ‘अ‍ॅट वन’. ‘लोनली’ त्याच कुळातला. आपल्याकडे एकापासून एकटा आणि एकुलता निघाले, तसंच.

प्रश्न : मुंबईच्या पाहुण्यांनी लिहिलं, ‘वुई शॅल बी ओन्ली टू ग्लॅड टू कम’. ‘टू ग्लॅड’ म्हणजे जरुरीपेक्षा जास्त आनंद ना? त्यांना यायचं आहे का नाही? (एक गृहिणी, काटोल)

उत्तर : यायचं आहे, स्वयंपाकाला लागा. दोन ‘ओ’च्या ‘टू’आधी ‘ओन्ली’ आला की दोघं मिळून ‘अगदी, फारच’ असा अर्थ देतात. ‘ओन्ली टू वेल’ म्हणजे चांगलंच ठाऊक. एका ‘ओ’चा ‘टू’ आला तर मात्र अंगावर घ्यायची तयारी ठेवा : ‘ही रॅन टू द स्टँड ओन्ली टू फाइंड द बस गॉन’, पळत स्टँडवर गेला तर एसटी निघून गेलेली. ‘ओन्ली जस्ट’ म्हणजे जेमतेम किंवा आत्ताच : ‘वुई ओन्ली जस्ट गॉट द बस’, कशीबशी मिळाली. आणि पाहुण्यांनी पुढं ‘वुई वुड स्टे, ओन्ली द चिल्ड्रन हॅव स्कूल’ असं काही लिहिलं असेल, तर तिथला ‘ओन्ली’ म्हणजे ‘पण’. मुक्काम करणार नाहीत.

प्रश्न : किराणा दुकानावर पाटी लावायची आहे. ‘ओन्ली कॅश’ लिहू का ‘कॅश ओन्ली’? (एक दुकानदार, मूर्तिजापूर)

उत्तर : ‘कॅश ओन्ली’. पाट्या, लेबलं, सूचना यांत ‘ओन्ली’ शेवटी बसतो, ते अस्सल इंग्रजीच आहे, चिखलीच्या भावाचं नाही. ‘लेडीज ओन्ली’, ‘स्टाफ ओन्ली’, मलमाच्या ट्यूबवरचं ‘फॉर एक्स्टर्नल यूज ओन्ली’ म्हणजे वरून लावायचं, पोटात घ्यायचं नाही. औषधाच्या जुन्या पाकिटांवर डॉक्टरच्या चिठ्ठीवरच विकण्याची सूचना असे, तिथंही ‘ओन्ली’ अगदी शेवटी. पाटीवर बाकी शब्दच नसतात, तेव्हा कोणाला लागला हा घोळ होत नाही.

फक्त एक पाहा. दुकानात फोनपेचा स्कॅनर लावलेला असेल तर ‘कॅश ओन्ली’नं तोही बाहेर गेला. तुम्हाला उधारी बंद करायची आहे, असं पत्रावरून दिसतं. मग सरळ ‘उधार बंद’ लिहा, मराठीत, आणि पाटी वजनकाट्याच्या मागं लावा, गिऱ्हाइकाची नजर तिथंच असते.

पुढच्या अंकासाठी प्रश्न पाठवताना अडलेलं वाक्य पूर्ण उतरवून पाठवा, नुसता शब्द नको. करार किंवा चेकची झेरॉक्स पाठवत असाल तर खाते क्रमांक आणि सही आधी झाकून घ्या.